पुण्याचं अ‍ॅव्हरेज

उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये, असं आपल्याकडे सांगतात आणि देवळाला दिलेल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर दात्याचं नाव घालतात. यात कुणाला विसंगती वाटेल, पण ती नाही. पंखा बंद असतो तोवरच नाव दिसतं. बटण दाबलं की पाती फिरतात, नाव दिसेनासं होतं आणि मग जे सुरू होतं ते शुद्ध गुप्तदान. वारा सगळ्यांना लागतो, तो कुणाचा हे कुणालाच कळत नाही. आमच्या देवळातले पंखे बहुधा बंदच असतात. तो निव्वळ विजेच्या बिलाचा प्रश्न आहे, असं विश्वस्त मंडळी म्हणतात.

अन्नदान, विद्यादान, रक्तदान, श्रमदान हे प्रकार आपल्याला ठाऊक आहेत. अलीकडे त्यांत एकाची भर पडली आहे. चार माणसांनी एका मोटारीत बसायचं आणि लांब कुठेतरी जायचं. आपण किती किलोमीटर गेलो त्या हिशेबाने ओळखीपाळखीच्यांकडून पैसे घ्यायचे आणि ते एखाद्या चांगल्या कामाला द्यायचे. याला धर्मादाय मोटार रॅली म्हणतात. आता तुम्हीच सांगा, आपण गाडीच्या गार हवेत बसून, वाटेत बटाटेवडे खात दोनशे किलोमीटर गेलो, तर त्याने तिसऱ्याच माणसाचं भलं कसं होतं? आणि झालंच, तर पुण्य कुणाचं? देणाऱ्याचं, गाडी हाकणाऱ्याचं की पेट्रोल पंपवाल्याचं?

हा प्रश्न मला पडतो याचं कारण मी बी.कॉम. आहे. बी.ए. झालेल्या माणसाला आत्म्याचे प्रश्न पडतात, बी.एस्सी. झालेल्याला विश्वाचे. बी.कॉम.ला कुठलाही प्रश्न पडला तरी तो शेवटी ‘हे कुठल्या खाती टाकायचं?’ इथेच येऊन थांबतो. गाडी लिटरला किती अ‍ॅव्हरेज देते हे जसं आपण विचारतो, तसं पुण्याचं अ‍ॅव्हरेजही विचारायला काय हरकत आहे?

वास्तविक मी राहतो मोऱ्याला. मोऱ्याच्या माणसाला मोटारीचं वेड लागण्याचं काही कारण नव्हतं. आमचं वाहन म्हणजे लाँच. मोरा बंदर ते भाऊचा धक्का, पाऊण ते एक तास. लाँचचं वेळापत्रक छापतो माणूस आणि चालवतो समुद्र. मोठी ओहोटी लागली की गाळ वर येतो, लाँच धक्क्याला लागत नाही, आणि बँकेतला कारकून पौर्णिमा-अमावास्या बघून ऑफिसला निघतो. मुंबईच्या लोकांना लोकल चुकते, आम्हांला भरती चुकते.

पण १२ जानेवारी २०२४ रोजी एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या. शिवडीहून न्हावाशेव्याकडे येणारा एकवीस किलोमीटर आठशे मीटरचा अटल सेतू झाला आणि उरणपर्यंत लोकल आली. तेव्हापासून आमच्याकडे ज्याच्या त्याच्या दारात मोटार दिसू लागली. गाडी आली की ती कुठेतरी नेली पाहिजे. लग्नकार्यं काय, रोज नसतात. म्हणून गावातल्या उत्साही मंडळींनी ठरवलं की अंध मुलांच्या एका शाळेसाठी उरण ते चिपळूण अशी रॅली काढायची. बारा गाड्या. प्रत्येक गाडीत चौघे. आमच्या गाडीचे मालक आणि चालक आमचे डॉक्टर. मला घेतलं ते मोटारीतलं काही कळतं म्हणून नव्हे.

“तू बँकेत आहेस,” डॉक्टर म्हणाले. “वर्गणी गोळा कर आणि हिशेब ठेव.”

मी हिशेब ठेवायला बसलो आणि पहिल्याच रात्री ठेवून संपलासुद्धा. जाऊन-येऊन चारशे किलोमीटर, लिटरला पंधराचं अ‍ॅव्हरेज धरलं तर सत्तावीस लिटर पेट्रोल, म्हणजे अठ्ठावीसशे रुपये. चार टी-शर्ट बाराशे. चौघांचं खाणंपिणं सोळाशे. चिपळूणची रात्र चोवीसशे. बेरीज आठ हजार. बारा गाड्यांचे शहाण्णव हजार. हे पैसे ज्याने त्याने पदरचे घालायचे होते, हे खरं. पण मी डॉक्टरांना विचारलं, “आपण कुठेच न जाता हे शहाण्णव हजार सरळ शाळेला दिले तर? गाडीही झिजणार नाही.”

डॉक्टर म्हणाले, “उत्तम. उद्याच देऊ. तुझ्या वाटणीचे दोन हजार आत्ता काढ.”

मी म्हणालो, “तसं नव्हे, मी तत्त्वाचं बोलतोय.”

“मीपण तत्त्वाचंच बोलतोय. दोन हजार काढ.”

घरात शांतता पसरली. हिने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. टी-शर्टाला तीनशे, वड्याला चारशे असे पैसे माणूस विचार न करता देतो. तेच पैसे एकगठ्ठा आणि कशाच्याही बदल्यात नाही म्हटलं, की त्याला मुलाची फी, छपराची गळती आणि महागाई भत्त्याची थकबाकी एकदम आठवते. कॉस्टिंगच्या पेपरात आम्हांला एक शिकवलं होतं: जो खर्च अमुक एक गोष्ट केली नाही तर होणारच नाही, तो त्या गोष्टीचा खर्च. रॅली नसती तर ते शहाण्णव हजार शाळेला गेले नसते. ते बारा घरांत बारा वाटांनी गेले असते. म्हणजे डॉक्टरांचं गणित बरोबर होतं, फक्त त्यांना ते कॉस्टिंग आहे हे ठाऊक नव्हतं.

वर्गणीच्या वेळी याचाच पुढचा धडा मिळाला. ‘अंध मुलांच्या शाळेसाठी काही द्या’ म्हटलं की लोक म्हणत, “बघू.” ‘बघू’ हा शब्द अंध मुलांच्या बाबतीत वापरताना कुणाला काही वाटत नसे. पण ‘आम्ही चिपळूणला गाडीने जातोय’ म्हटलं की लगेच माणूस खुर्ची सरकवून बसे. “कशेडी घाटातून का बोगद्यातून? टायर नवे आहेत का? वडखळला गर्दी किती लागेल?” दहा मिनिटं तो आमच्याबरोबर चिपळूणला जाऊन येई आणि शेवटी किलोमीटरला एक रुपया लिहून देई. माणसं कामाला पैसे देत नाहीत, जाणाऱ्याला देतात. जो घरी बसून मागतो तो मागणारा. जो उठून कुठेतरी निघाला आहे त्याच्या हातावर मात्र वाटखर्चाला काही ठेवावं, असं वाटतं. पंढरीला निघालेल्या वारकऱ्याला वाटेतलं गाव भाकरी देतं ती अशीच.

कोळीवाड्यातल्या मावशींनी तर कमाल केली. मी त्यांच्यापुढे कागद धरला, दोनशे किलोमीटरचे दोनशे रुपये. त्यांनी मासळीच्या पाटीवरून मान वर केली. “आनि येयाचं? गेलेली मानसं परत नाय यायची?”

“यायची की.”

“मग येयाचं पन लिव.”

येतानाचे पैसे देणाऱ्या त्या एकट्या. बाकी सगळ्यांनी आम्हांला चिपळूणला नेऊन सोडून दिलं होतं.

आता कुणी म्हणेल, ही सगळी हल्लीची थेरं. तशी ती आहेतच, आणि साता समुद्रांपलीकडे आपल्यापेक्षा मोठी आहेत. २००४ साली इंग्लंडात काही उचापती मंडळींनी मंगोल रॅली काढली. पहिल्या वर्षी सहा गाड्या होत्या, पुढे शेकडो झाल्या. जायचं थेट मंगोलियाला, सोळा हजार किलोमीटरच्या आसपास. रस्ता ज्याचा त्याने शोधायचा, गाडी बिघडली तर मदतीला कुणी येणार नाही. गाडीचं इंजिन मोठं असून चालायचं नाही. हजार सीसीचं, म्हणजे आपण ज्या गाडीला ‘बाजाराला न्यायला बरी’ म्हणतो तसलं. आणि प्रत्येक गाडीने निदान हजार पौंड धर्मादाय कामाला जमवायचे. त्याच मंडळींनी २००६ साली हिंदुस्थानात रिक्षांची यात्रा सुरू केली. ज्या रिक्षात बसल्यावर आपण देवाचं नाव घेतो, तीच रिक्षा स्वतः चालवायला गोरे लोक विमानाने येतात आणि त्यातून दानधर्म करतात. रिक्षावाल्याला या परोपकाराची कल्पना आपण कधी दिली नाही, नाहीतर त्याने मीटरवर पुण्याचाही आकार लावला असता.

उलट १९६८ सालची लंडन ते सिडनी शर्यत बघा. २४ नोव्हेंबरला निघालेल्या गाड्या काबूल, दिल्ली करत मुंबईला आल्या आणि इथून बोटीत चढून ऑस्ट्रेलियाला गेल्या. ती एका वर्तमानपत्राने भरवली होती. परोपकाराचं नाव कुणी घेतलं नाही. मौज ती मौज आणि बक्षीस ते बक्षीस, असा रोखीचा व्यवहार. उधारीचा प्रश्नच नव्हता.

मग मनात येतं, मौजेला परोपकाराचा टिळा लावायचा तरी कशाला? दानाला कष्टच हवेत, असं मानणारी माणसंही पुष्कळ झाली. कॅनडातला टेरी फॉक्स हा तरुण घ्या. कर्करोगात त्याचा एक पाय गेला होता. १९८० साली तो लाकडी नव्हे, कृत्रिम पायावर देश धावत ओलांडायला निघाला आणि प्रत्येक कॅनडावासीयाकडे एक डॉलर मागू लागला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. रोग फुप्फुसात पोचला तेव्हा थांबला, आणि पुढच्या वर्षी गेला. त्याच्यापुढे आमचा बटाटेवडा तोंडात फिरतो.

लांब कशाला जा? आमच्या वाटेवरच पेण लागतं. पेण तालुक्यातल्या गागोदे गावी १८९५ साली विनोबा जन्मले. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणात पोचमपल्लीला त्यांना शंभर एकर जमीन दान मिळाली. तिथून पुढे तेरा-चौदा वर्षं ते पायी हिंडत जमीन मागत राहिले. त्या काळी आगगाडी होती, मोटारी होत्या. पण मोटारीतून उतरलेल्या माणसाला जमीनदाराने चहा दिला असता, जमीन दिली नसती. तशीच गोष्ट महर्षी कर्व्यांची. सत्तरी उलटल्यावर, १९२९ साली ते महिला विद्यापीठाची माहिती सांगायला आणि पैसे जमवायला जगप्रवासाला बाहेर पडले ते १९३० साली परतले. या वयात आमच्याकडे माणसाला पेन्शनच्या रांगेतसुद्धा खुर्ची देतात.

मी बँकेतला असल्यामुळे एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो. विनोबांना लाखो एकर जमीन मिळाली, पण त्यातली बरीच नापीक होती, बरीच भांडणात अडकली, आणि कित्येक एकर भूमिहीनापर्यंत पोचलेच नाहीत. मागणाऱ्याच्या पायाला फोड आले म्हणून देणाऱ्याने दिलेला खडक काही पिकत नाही. कष्ट खरे होते, चेक वटला नाही. आणि नवसाला लोटांगण घालत जाणाऱ्याचे गुडघे सोलवटले म्हणून देवाला कोणता फायदा होतो, हे मला कुणी समजावून दिलेलं नाही. घेणाऱ्याच्या ताटातल्या भाताला, तो देणाऱ्याने हसत दिला की रडत, हे कळत नाही. तेव्हा मौजेने पुण्य बुडतं म्हणावं तर पटत नाही आणि कष्टाने वाढतं म्हणावं तर हिशेब जुळत नाही. ट्रायल बॅलन्स जुळत नसला की फरक तिसऱ्याच कुठल्यातरी खात्यात सापडतो, असा आमचा धंद्यातला अनुभव आहे. इथे तो सापडला माणगावच्या चहाच्या टपरीवर.

त्यासाठी रॅली कशी होती ते सांगितलं पाहिजे. रॅली म्हणजे शर्यत, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. अमुक टप्पा ताशी पस्तीसच्या सरासरीने, तमुक टप्पा चाळीसच्या सरासरीने, असं ठरवून दिलेलं असतं. वाटेत कुठेतरी लपून तपासनीस घड्याळ घेऊन बसतात. एक मिनीट उशीर झाला तर एक गुण कापतात आणि एक मिनीट लवकर पोचलात तर आमच्याकडे दोन कापत होते. बँकेत उशिरा आल्याची शिक्षा असते. लवकर येण्याचा गुन्हा तिथे आजवर कुणी केलाच नसल्याने त्याला कलम नाही.

दुसरी गंमत म्हणजे वाटाड्याची. चालक डोळस, पण त्याला वाट सांगणारा माणूस अंध. वाटेचा सगळा कागद ब्रेलमध्ये. मुंबई-पुण्याकडे अशा रॅल्या आजवर पुष्कळ झाल्या आहेत. चालकाला रस्ता दिसतो पण कळत नाही, वाटाड्याला कळतो पण दिसत नाही. मागच्या बाकावरच्या दोघांनी वाटेबद्दल अवाक्षर काढायचं नाही. फोनमधला नकाशा बंद. लुई ब्रेल या मुलाने १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा ठिपक्यांची ही लिपी बसवली. त्या सहा ठिपक्यांवर आमचे चार जीव आणि एक हप्त्यावरची मोटार अवलंबून होती.

आमच्या गाडीचे वाटाडे आमचेच मास्तर. ते शाळामास्तर नव्हेत. आमच्याच शाखेत ते टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले, आता बोलणाऱ्या संगणकावर पत्रव्यवहार बघतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, कारण ते व्याकरण सुधारतात. माझ्याच लाँचने येतात. इंजिनाचा आवाज जरा जड झाला की म्हणतात, “गाळ लागला. आज पुढच्या पायऱ्यांवर उतरवणार.” आणि तसंच होतं.

पेण सोडल्यावर पहिली चकमक झाली. मास्तरांची बोटं कागदावर फिरत होती. “किती झाले?” ते विचारत आणि डॉक्टर मीटर वाचून दाखवत. “दोन पूर्णांक चार झाले की डावीकडे.” दोन पूर्णांक चार झाले तेव्हा समोर हिरवी पाटी दिसली, बाण सरळ.

“मास्तर, चिपळूण सरळ आहे. पाटी लावलीय.”

“असेल. पण आपल्याला अजून चिपळूणला जायचं नाही. आपल्याला चार किलोमीटरवरच्या मारुतीला जायचंय.”

“अहो, सरकारी पाटी आहे!”

“म्हणूनच म्हणतो, डावीकडे.”

डॉक्टर सरळ गेले. मागच्या बाकावर आम्ही दोघे ओठ दाबून बसलो होतो. दीड किलोमीटर गेल्यावर ना मारुती, ना तपासनीस, नुसता कंटेनरवाल्यांचा तळ. गाडी वळवावी लागली. सात मिनिटं गेली. मास्तर काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने शांतपणे म्हणाले, “डॉक्टर, पेशंट तुमचं औषध घेत नाही तेव्हा तुम्ही काय करता?”

“फी घेतो,” डॉक्टर म्हणाले. पण पुढच्या वळणाला त्यांनी मास्तरांनी सांगण्याआधीच वेग कमी केला.

माणगावला विसाव्याची पंधरा मिनिटं होती. टपरीवाल्याने चार चहा टाकले आणि मास्तरांकडे बोट करून डॉक्टरांना विचारलं, “यांना साखर किती?”

“दोन चमचे,” मास्तरच म्हणाले. “आणि ऐकू मला नीट येतं.”

चहा झाला. मास्तरांनी चौघांचे पैसे काढले. टपरीवाला हात जोडून मागे सरकला. “राहू द्या हो. तुमच्याकडनं कसे घेऊ? तेवढंच पुण्य लागंल मला.”

“पुण्य घ्या,” मास्तर म्हणाले, “आणि पैसेपण घ्या. दोन्ही चालतं.”

तो बिचारा भला माणूस होता. त्याने डॉक्टरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मास्तरांनी नोटा टपरीच्या फळीवर ठेवल्या, वर चहाचा ग्लास ठेवला, वाऱ्याने उडू नयेत म्हणून, आणि काठी उघडून गाडीकडे चालू लागले.

गाडी सुरू झाल्यावर ते म्हणाले, “लहानपणापासून मी लोकांच्या पुण्याची सोय आहे. आमच्या शाळेत ग्रहण सुटलं की जेवण येई, कुणाचं श्राद्ध असलं की येई, कुणाच्या मुलाचा वाढदिवस असला की येई. एका दिवशी तीन ठिकाणांहून जिलबी आली. पोटं बिघडली सगळ्यांची. त्याच महिन्यात ब्रेलचा कागद संपला होता, म्हणून आमची परीक्षा पुढे गेली. जिलबी आणणारी माणसं चांगली होती. फक्त त्यांनी आम्हांला कधी काही विचारलं नाही. साखर किती, हेसुद्धा नाही.”

डॉक्टर काही बोलले नाहीत. मी वही उघडून बसलो होतो, ती तशीच ठेवली.

“पण आज बरं वाटतंय,” मास्तर पुढे म्हणाले. “आज मी चुकलो तर चौघेही चुकणार. मी चुकल्यामुळे दुसऱ्या कुणाचं काही बिघडेल, अशा जागी मला फार थोड्या वेळा कुणी बसवलंय. किती झाले, डॉक्टर?”

“एक पूर्णांक आठ.”

“दोनला उजवीकडे. आणि हळू. आपण लवकर चाललोय.”

ट्रायल बॅलन्समधला फरक सापडतो तेव्हा असाच, सगळे चहाला गेलेले असताना सापडतो. आम्हांला बी.कॉम.ला १९३२ सालचा भागीदारी कायदा होता. त्याचं मर्म आमचे प्राध्यापक असं सांगत: भागीदार तो, ज्याच्या कृतीने बाकीचे बांधले जातात. नफा वाटून घेतो म्हणून नुसता कुणी भागीदार होत नाही. त्याने माल घेतला तर पैसे तुम्हांला द्यावे लागतात. त्याची चूक तुम्हांला भोवते. ज्याची चूक तुम्हांला भोवूच शकत नाही, तो तुमचा ऋणको असेल, नोकर असेल, पाहुणा असेल, पण भागीदार नाही.

दानधर्माची सगळी गोची इथे आहे. आपण देतो ते अशा बेताने देतो, की घेणाऱ्याला आपलं काही बिघडवता येऊ नये. जिलबी आपण ठरवायची, दिवस आपण ठरवायचा, फोटो आपण काढायचा. घेणाऱ्याने फक्त कृतज्ञ राहायचं, आणि त्यातही चुकला तर ‘यांना काही किंमत नाही’ म्हणायला आपण मोकळे. अशा रॅल्या मी पाहिल्या आहेत, जिथे ज्या मुलांसाठी रॅली, ती मुलं सकाळी झेंड्यापाशी गुलाबाचं फूल घेऊन उभी असतात. गाड्या भुर्रकन निघून जातात आणि मुलं बसने परत जातात. त्या रॅलीत लोक घाम गाळोत की गारेगार बसोत, मला फरक वाटत नाही. माझ्या मते विचारायचा प्रश्न एवढाच, की ज्याच्या नावाने गाडी निघाली तो गाडीत आहे का? असला तर पुढच्या बाकावर आहे का? आणि तो ‘डावीकडे’ म्हणाला तर गाडी डावीकडे वळते का?

हे पुष्कळदा गैरसोयीचं असतं, हे खरं. विचारून द्यायचं म्हणजे शाळा पंखा मागत नाही, पंख्यावर नाव घालता येतं. ती ब्रेलचा कागद मागते, काठ्या मागते, नळदुरुस्ती मागते. नळदुरुस्तीवर कुणाचं नाव घालणार? शिवाय भागीदार केला की तो हिशेबही मागतो.

तसा तो चिपळूणला पोचल्यावर मास्तरांनी मागितला. रात्री जेवणं झाल्यावर मी वही वाचून दाखवली. वर्गणी एक लाख एकाहत्तर हजार, सगळी जमा. खर्च ज्याचा त्याने केलेला, शहाण्णव हजार. मास्तरांनी डोक्यातल्या डोक्यात भागाकार केला.

“म्हणजे रुपया खर्चाला एक रुपया अठ्ठ्याहत्तर पैसे. अ‍ॅव्हरेज वाईट नाही. पण गाडी अजून हलकी करता येईल. टी-शर्ट कशाला हवेत? मला तर त्यावर काय छापलंय तेही दिसत नाही.” मग त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. बँकेतल्या स्टाफकडून त्यांनी स्वतः जमवलेले साडेसहा हजार. “हे धरलेत का?”

ते त्या क्षणापर्यंत त्यांच्या खिशातच होते. मी वही पुन्हा उघडली.

“आणि माझं एक विचारायचंय,” ते म्हणाले. “तुमच्या वहीत मी कुठे आहे? ज्यांच्यासाठी जमवलं त्यांच्यात, की ज्यांनी जमवलं त्यांच्यात?”

मी म्हटलं, “मास्तर, दुहेरी नोंद पद्धतीत प्रत्येक रकमेला दोन बाजू असतात.”

“ते झालं रकमेचं. मी माणसाचं विचारतोय.”

मी त्यांचं नाव वर्गणी जमवणाऱ्यांच्या यादीत लिहिलं, आणि साडेसहा हजारांनी ते वरून चौथ्या क्रमांकावर आले. डॉक्टर अकरावे होते. डॉक्टरांनी यादी दोनदा वाचली.

पैसे शाळेला गेले. काय घ्यायचं ते शाळेने मुलांना विचारून ठरवलं. कागद आला, काठ्या आल्या, आणि मोठ्या मुलांच्या आग्रहाखातर ठिपके उठवलेले पत्त्यांचे सहा जोड आले. एक-दोन वर्गणीदारांनी पत्त्यांबद्दल नाराजी कळवली. आमच्या पैशांनी मुलांनी रमी खेळावी का, असा त्यांचा प्रश्न होता. मी त्यांना कळवलं, की आपण दिलेले पैसे चिपळूणला पोचले, त्यापुढचा रस्ता मुलांचा आहे. मावशींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “खेलू देत की. आमची पोरं नाय खेलत?”

आमच्या गाडीचा नंबर सातवा आला. ती सात मिनिटं नसती तर तिसरा आला असता, असं डॉक्टर सगळ्यांना सांगतात. ती कुठे गेली हे सांगत नाहीत. पुढच्या वर्षी रॅली लांबवून रत्नागिरीपर्यंत न्यायचं चाललं आहे, आणि डॉक्टरांनी गाडीला नवे टायरही टाकले आहेत. पण समितीच्या बैठकीत मास्तरांनी एक सूचना मांडली आणि ती मंजूर झाली. यंदापर्यंत चालक आपापला वाटाड्या निवडत. यापुढे वाटाडे चालक निवडणार.

तेव्हापासून डॉक्टर रोज संध्याकाळी लाँचच्या वेळेला मोरा बंदरावर येऊन उभे राहतात आणि मास्तरांना घरापर्यंत गाडीने सोडतात. परवा मी मास्तरांना विचारलं, काय ठरलं?

“बघू,” मास्तर म्हणाले. “अजून वळणावर ऐकतात की नाही, ते पाहतोय.”